कांद्याच्या वावरात मेटल डिटेक्टर

नाशिकच्या जमिनीत काय दडलेलं असू शकतं, याचा सगळ्यात मोठा दाखला जोगलटेंभीचा. दारणा गोदावरीला मिळते तिथलं हे गाव. १९०६ साली इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला. पांडवलेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख आहे. माझ्या मुलाने खखरात, म्हणजे क्षहरात, वंश संपवला, असं ती त्यात सांगते. त्या बोलण्याला या नाण्यांनी साक्ष दिली. हरलेल्या राजाचं नाणं त्याच्यावरच शिक्का मारून पुन्हा चालवलं गेलं, हे आपल्याला आज कळतं, कारण तो साठा एकत्र राहिला आणि कुणीतरी बसून एकेक नाणं पाहिलं. घरोघरी वाटला गेला असता, सोनाराच्या मुशीत गेला असता, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

ही गोष्ट मला नीट उमगली अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावरच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात. तिथून येताना मेटल डिटेक्टरचा विचार मनात आला, आणि तो लगेच अडलाही, कारण जोगलटेंभीसारखं काही मला सापडावं अशी माझी इच्छाच नव्हती. साठा निघाला तर तो जाणकारांच्या हातून निघावा. मला वाटत होतं ते एवढंच: माहेरच्या वावरात, जिथे चार पिढ्या राबल्या, तिथे वरच्या वीतभर मातीत काय काय पडून राहिलंय ते पाहावं. माहेर निफाड तालुक्यातलं. द्राक्ष, कांदा, थोडा गहू.

मशीन घेण्याआधी मी कायदा वाचून काढला, आणि या छंदात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तेच आधी करावं असं मी कळकळीने सांगेन. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कुठल्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती हजर करण्याचा जामीन द्यायचा. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दहा रुपये ही मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक जुनं नाणं तिच्यात बसतं. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं किंवा धातूची वस्तू ही पुरावस्तू, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

मग जागा. पांडवलेणी संरक्षित स्मारक, तिथे मशीन घेऊन जायचा प्रश्नच नाही. जुन्या नाशकातली गोदाकाठची मातीची गढी, जिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तीही वर्ज्य. त्या उत्खननाचं मोल मडक्यांत किंवा मण्यांत नव्हतं. कुठला थर कुठल्या थराच्या खाली आहे, यात ते होतं. एखादं नाणं उचकटून काढलं की तो थर फुटतो आणि नाणं मुकं होतं. मुल्हेर आणि गाळण्यासारखे किल्ले, पडक्या गढ्या, देवळांची आवारं, पांढरीची टेकाडं ही सगळी मी स्वतःसाठी बंद करून टाकली. पांढरीची जागा म्हणजे जुन्या वस्तीची राख-माती. शेतकऱ्याला ती रंगावरून कळते. तिथे कायद्याने संरक्षणाचा फलक नसला तरी मी जात नाही. नांदूर-मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तिथे नदीकाठ कितीही मोहात पाडो, पाय ठेवायचा तो पक्षी पाहायलाच. देवळालीकडे तोफखान्याचा सराव चालतो. लष्करी हद्दीच्या आसपास जमिनीतलं लोखंड उकरणं जिवावर बेतू शकतं.

उरलं ते आपलं वावर. पण आपलं म्हणजे कुणाचं, हे सातबाऱ्यावर पाहावं लागतं. आमच्या गटावर भावाचं, आईचं आणि आत्याचं नाव आहे. तिघांनाही विचारलं. आत्या म्हणाली, "अगं, विचारतेस काय, तुझंच आहे की." तरी मी साध्या कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या: कुठल्या तुकड्यात फिरणार, किती खोल उकरणार, काही मोलाचं निघालं तर सगळ्यांना आणि सरकारला कळवणार. जुन्या कायद्यात जमीनमालकाचाही हिस्सा असतो. वेगळा करार नसेल तर सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि मालकाचा एक चतुर्थांश. घरातल्या घरात पुढे मनं दुखू नयेत म्हणून कागद बरा. गावच्या पोलीस पाटलांनाही जाऊन सांगितलं. बाई माणूस कानाला हेडफोन लावून वावरात काठी फिरवतेय म्हटल्यावर बोलणी होणार, त्याआधी त्यांना माहीत असलेलं चांगलं.

बोलणी झालीच. शेजारचे नाना बांधावर येऊन थांबले. "ताई, आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीत हंडा आहे म्हणतात. आजोबा सांगायचे. एकदा फिरवून बघा ना."

"नाना, भिंती पाडायला मी येणार नाही. आणि हंडा निघालाच तर तो आधी कलेक्टरला सांगावा लागेल."

"मग काय उपयोग?" म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या एकाने पायाळू माणूस सोबत लागतो का, असं विचारलं. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत आमच्याकडे अजून आहे. मी त्याला बसवून सांगितलं की गुप्तधनाच्या नावाखाली माणसांचे बळी गेलेत, पोरांचे गेलेत, आणि असले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. माझ्या हातातलं यंत्र म्हणजे तारेचं वेटोळं आणि बॅटरी. त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. हे बोलणं मला दरवेळी करावं लागतं आणि मी ते कंटाळा न करता करते.

यंत्राचं म्हणाल तर तत्त्व सोपं आहे. खालच्या गोल कॉइलमधून काही किलोहर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. ते किती उशिराने आलं, यावरून धातू वीज किती चांगली वाहतो याचा अंदाज बांधून पडद्यावर आकडा येतो आणि कानात सूर. लोखंड खालच्या आकड्यांत, ॲल्युमिनियमची फॉइल मधे, तांबं आणि जाड चांदी वरती. सोनं? पातळ सोनं आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून ज्या यंत्राच्या जाहिरातीत "सोनं ओळखतो, शंभर फुटांवरून दाखवतो" असं लिहिलंय, ते घेऊ नये. असं यंत्र नसतं. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंतच दिसते, तीही चांगल्या मातीत.

आमची माती त्या अर्थाने चांगली नाही. काळी, दख्खनच्या लाव्ह्यातून आलेली. त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, आणि झीज होऊन ते मातीत उतरलेत. डिटेक्टरला ही मातीच धातूसारखी वाटते. म्हणून मशीन निवडताना मी एकच अट धरली: ग्राउंड बॅलन्स हाताने करता आला पाहिजे. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून वर-खाली हलवायची आणि मातीचा आवाज शमेपर्यंत आकडा जुळवायचा. वावराच्या एका टोकाला जुळवलेला आकडा ओढ्याकडे पुन्हा जुळवावा लागतो, कारण तिथे माती बदलते. संवेदनशीलताही थोडी कमी ठेवते. खोली घटते, पण जे ऐकू येतं ते खरं असतं. नवख्याला सगळं पूर्ण वाढवून ठेवायचा मोह होतो. काळ्या रानात त्याने फक्त कलकलाट मिळतो. आणि थ्री फेज वीज आली की तारांच्या खाली मशीन बडबडायला लागतं, तेव्हा तिथून दुसरीकडे सरकायचं.

सराव कसा केला ते सविस्तर सांगते, कारण शिकणं खरं इथे झालं. विहिरीमागे एक रिकामी पट्टी होती. ती आधी मशीन फिरवून साफ केली. मग तिथे ओळखीच्या वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरल्या आणि प्रत्येकीजवळ चिठ्ठी बांधलेली काडी रोवली. एक रुपया, जुनं जाड पाचाचं नाणं, बैलाच्या माळेतलं पितळी घुंगरू, आईचं चांदीचं जोडवं, खिळा, बाटलीचं झाकण, औषधाच्या पुडीचा तुकडा. रोज थोडा वेळ त्यांच्यावरून कॉइल फिरवली. आधी काड्या बघून, मग काड्यांकडे पाठ करून.

तिथे कळलेली एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपली हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची. मशीनमध्ये "लोखंड नको" अशी सोय असते, ती लावली की ही नाणी एकतर गायब होतात किंवा त्यांचा आकडा उड्या मारतो. परदेशी व्हिडिओत पाहून लोखंड गाळून टाकलं तर आजचं आपलं चलन ऐकूच येणार नाही. जुनं तांब्या-निकेलचं पाचाचं नाणं मात्र स्वच्छ वाजतं. पितळी घुंगरू गोड वाजलं, पण पोकळ असल्याने आकडा अपेक्षेपेक्षा खाली आला. बाटलीचं झाकण जाताना एक सूर, येताना दुसरा. आणि औषधाच्या पुडीचा तुकडा जोडव्याइतकाच ठाम. कान तयार झाला तो या फरकांवर.

द्राक्षबागेत मी फिरतच नाही. लोखंडी अँगल, मांडवाच्या तारा, ठिबकची जोडणी, छाटणीनंतर पडलेले तारांचे तुकडे. कॉइल इकडे फिरवा की तिकडे, मशीन किंचाळत राहतं. कांद्याचं वावर वेगळं. उन्हाळ कांदा निघाला की रान मोकळं होतं. पण तेव्हा माती भेगाळलेली, दगडासारखी. पहिला पाऊस पडून वाफसा आला, की तोच खरा काळ. माती ओलसर, खुरपं सहज जातं, आणि ओलीमुळे पुरलेला धातूही थोडा अधिक स्पष्ट बोलतो. ढेकळांवर कॉइल नाचते, म्हणून रोटर मारून झाल्यावर गेलं तर उत्तम.

चालणं सावकाश हवं. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटं वर, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला. सिग्नल आला की काटकोनात वळून पुन्हा ऐकायचं. दोन्हीकडून तसाच आला तर उकरायचं. हातात पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर, असला की खड्डा पंजाएवढाच राहतो. वीतभराच्या खाली मी जात नाही. नांगराने उलथापालथ केलेल्या थरातच माझं काम, त्याखाली न हललेली माती लागली की थांबायचं. खड्डा लगेच बुजवायचा. हातमोजे घालावेत, भेगांत घोणस असते. गंजलेलं लोखंड हाताळायचं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. खुरपं मारण्याआधी मोटारीची केबल आणि पाइपलाइन कुठून गेलीय, ते भावाकडून समजून घेतलं.

निघालं काय? बहुतेक लोखंड. खिळे, नटबोल्ट, रोटरच्या पात्याचा तुकडा, विळ्याचं टोक. बैलांच्या पायातल्या पत्र्या मात्र मला फार आवडतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या लागतात, आणि त्या झिजून झिजून कागदासारख्या होतात. आमच्या दावणीला बैल नाहीत त्याला बरीच वर्षं झाली. पत्र्या अजून वावरात आहेत. बांधाच्या कडेला, जिथे बाया भाकरी खायला बसतात, तिथे ॲल्युमिनियमचे पैसे निघाले. चौकोनी पाच पैसे, कातरलेल्या कडेचे दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण हे पैसे त्याच्या पुष्कळ आधी कुणाच्या तरी कमरेच्या चंचीतून पडले असणार. आईने वीस पैशांचं नाणं हातात घेतलं आणि मजुरीचे भाव सांगत बसली. मी ते लिहून घेतलं.

एका कांदा काढणीच्या वेळी पेठ तालुक्यातून मजूर आले होते. त्यातल्या एका मावशींचं मंगळसूत्र तुटलं. मणी बरेचसे वेचले, एक वाटी मिळाली, दुसरी नाही. मावशी रडत नव्हत्या, नुसत्या गप्प मातीत हात फिरवत होत्या. भावाचा फोन आला, "ताई, तुझं ते घेऊन ये." मी नाशिकहून निघाले.

वाटी म्हणजे पातळ पत्र्याची, आतून पोकळ, नखाएवढी. सराव केलेल्या पट्टीमुळे मला माहीत होतं की ती औषधाच्या पुडीसारखीच वाजेल. तेव्हा गाळायचं काही नाही. त्या कोणत्या ओळीत बसल्या होत्या, ते विचारून चार खुंट्या रोवल्या, सुतळी बांधली, आणि त्या चौकोनात मधल्या आकड्याचा प्रत्येक सिग्नल उकरायचं ठरवलं. सगळ्यांना मोबाइल लांब ठेवायला लावले, कारण जवळ फोन असला की आवाज बिघडतो. पुड्यांचे तुकडे, तंबाखूच्या चुन्याची ट्यूब, पुन्हा पुडी. मावशी माझ्या शेजारी बसून प्रत्येक ढेकूळ स्वतः फोडून बघत होत्या. उन्हं कलली तेव्हा कांद्याच्या वाळल्या पातीखाली, बोटभर मातीत, ती मिळाली. मावशींनी पदराच्या टोकाला बांधली, दोनदा गाठ मारली आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमचं मशीन देवाचं आहे." मी त्यांना हेडफोन लावून दिला आणि वाटीवरून कॉइल फिरवून तो आवाज ऐकवला. हा छंद कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी त्या दुपारबद्दल सांगते. हरवलेल्या वस्तूचा धनी समोर उभा असतो, म्हणून तिथे निखात निधीचा प्रश्नही येत नाही.

पण एकदा तो प्रश्नही आला. बांधावरच्या कडुनिंबाजवळ वरच्या आकड्याचा, दोन्ही बाजूंनी सारखा सूर आला. निघालं तांब्याचं जाड, ओबडधोबड नाणं, हिरवं पडलेलं. मी ते जागेवरच पट्टीशेजारी ठेवून फोटो काढला, मोबाइलवर ठिकाणाची नोंद केली, खोली आणि तारीख लिहिली. धुतलं नाही. चिंच, लिंबू, पितांबरी असलं काही जुन्या नाण्याला लावू नये; वरचा हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. आसपास सावकाश पाहिलं. दुसरा तसा सिग्नल असता तर मी तिथेच थांबून आधी कळवणार होते, पण ते एकटंच होतं. फोटो जाणकारांना दाखवला. ती शिवराई निघाली, मधे दोन आडव्या रेघा असलेली, म्हणजे दुदांडी, पेशवाईच्या काळातली. शिवछत्रपतींनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं नंतरही दीर्घकाळ चालत राहिलं आणि गोरगरिबांच्या हातात खेळलं. कुणाच्या तरी हातून ती शिवराई आमच्या बांधावर पडली असेल.

शिवराया मुबलक मिळतात, बाजारात त्यांना फार किंमत नाही. पण दहा रुपयांहून नक्कीच जास्त. मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला: वस्तूचं वर्णन, वजन, अंदाजे किंमत, गट क्रमांक, तारीख, आई-भाऊ-आत्याच्या सह्या, सोबत फोटो आणि नकाशा. कार्यालयात पहिल्यांदा तो कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. "एका पैशासाठी कशाला कागद करताय?" मी कायद्याचं कलम चार असलेलं पान सोबत नेलं होतं, ते समोर ठेवलं. या टेबलावरून त्या टेबलावर गेलं, पण शेवटी अर्ज नोंदवला गेला, नाणं पाकिटात सीलबंद करून त्यांच्या ताब्यात दिलं आणि शिक्का मारलेली पोच घेतली. ती पोच मी सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवलीय. नाणं माझ्याकडे नाही, याचं मला वाईट वाटत नाही. ते कुठे, किती खोल सापडलं हे एका सरकारी नोंदीत लिहिलं गेलंय, आणि उद्या निफाडच्या या पट्ट्यात शिवराई कुठवर फिरत होती असं कुणी शोधू लागलं, तर त्याला एक पक्का ठिपका मिळेल.

भावाने आता एक काम माझ्यावर सोपवलंय. बागेची जुनी मांडणी काढलेल्या तुकड्यात तारांचे आणि अँगलचे तुकडे राहिलेत, ट्रॅक्टरचं टायर फाटतं. ते वेचून भंगारात द्यायचे. या कामाला लोखंड गाळायचं नाही, उलट तेच ऐकायचं, त्यामुळे कानाला नवा सराव होतोय. यंदा मृगाचा पाऊस झाला आणि वाफसा आला की ओढ्याकडचा तुकडा घेणार आहे. त्याच्या उताऱ्यावर धाकट्या काकांचंही नाव आहे. त्यांची सही परवाच घेऊन आले.